पद्मालयची शपथ

अक्काचं पोस्टकार्ड शनिवारी धुळ्याला पोचलं, तेव्हा पंडित नेमका रोमन कायद्याच्या वह्या काढून बसला होता. बारा वर्षं तो लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला हा विषय शिकवत आला होता, आणि दर जानेवारीत शपथेचं प्रकरण यायचं. रोमन कोर्टात लेखी पुरावा नसला, साक्षीदार मेलेले असले, की एक पक्ष दुसऱ्याला म्हणायचा, "तू शपथ घे, मी हरलो." समोरच्याने घेतली की खटला तिथंच संपला. ती खरी होती की खोटी हे मग न्यायाधीशानेही विचारायचं नाही. घेतली की नाही, एवढंच. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारी, "सर, मग खोटारड्याची चंगळच की!" आणि पंडित ठरलेलं उत्तर देई, की रोमन माणूस देवाला भ्यायचा. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडी कीव असायची, भाबड्या लोकांबद्दल शिकलेल्या माणसाला वाटते तशी.

पोस्टकार्ड अक्काने गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. "अभिमनने कोर्टात सांगितले की अक्काने पद्मालयच्या गणपतीसमोर शपथ घ्यावी, की आबांनी नाल्याकडचा मळा मला दिला. घेतली तर मळा तिचा, मी कधी तोंड उघडणार नाही. न घेतली तर तिने दावा काढून घ्यावा आणि महिन्यात मळा सोडावा. दोघांनी तशी पुरशिस कोर्टात लिहून दिली आहे. बुधवारी कोर्टाचे कमिशनर येणार. मला काळजी नाही. आबा जे बोलले ते तूच मला सांगितलेस, तेव्हा तू जवळ पाहिजेस."

शेवटचं वाक्य पंडितने तीनदा वाचलं. मग चहा आला, तो निवून गेला, आणि सोमवारच्या तासाला मागच्या बाकावरच्या प्रश्नाला त्याने उत्तरच दिलं नाही.

दाव्याला तिसरं वर्ष लागलं होतं. घरात एखादं माणूस वाढावं तसा तो दावा वाढला होता. त्याचं खाणंपिणं, त्याच्या तारखा, त्याचे रुसवेफुगवे सगळ्यांनी सांभाळायचे. त्याच्यामुळे अक्का आणि थोरला भाऊ अभिमन एकमेकांच्या दारात जाईनासे झाले. लग्नकार्यात दोघांच्या पंगती वेगळ्या पडू लागल्या. पंडित मात्र "मी दोघांचा" म्हणत दोन्हीकडे जेवायचा. प्राध्यापक माणसाला ही जागा फार सोयीची असते. अक्काच्या वकिलाने त्याला साक्षीला बोलावलं, तर सख्खा भाऊ म्हणून बरं दिसत नाही, असं सांगून त्याने अंग काढून घेतलं होतं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते या जगात त्याच्या एकट्याच्या पोटात होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

आबांनी अक्काला मळा दिलाच नव्हता.

त्र्याहत्तर साली ताईबाई, म्हणजे अक्का, तीन वर्षांच्या पुष्पाला कडेवर घेऊन माहेरी परत आली. नवऱ्याने दुसरी घरात आणली होती. तोताराम आबा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढं त्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. ती वाढायला आली की ते भिंतीकडे बघत जेवायचे. तिसऱ्या दिवशी अक्काने अन्न सोडलं. विहिरीकडे जाऊन ती उगाच उभी राहू लागली. पंडित तेव्हा विशीतला, कॉलेजातून सुट्टीत आलेला. तो घाबरला. विहिरीवरून तिला हाताला धरून घरी आणताना तो बोलून गेला, "अक्का, आबा माले सांगेत, नालाकडला मळा मनी ताईबाईना शे."

मनात असं होतं, की आधी हिला जगवू, मग आबांना गाठून तेच वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊ. पण आबांसमोर बसून बोलायची हिंमत त्याला कधीच झाली नाही, आणि आठ महिन्यांनी आबा गेले. वाक्य राहिलं. अक्का तर ते ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन मळ्यात उतरली होती. पडीक, खडकाळ पाच एकर. सतरा वर्षांत तिने तिथं कापूस घेतला, केळी उभ्या केल्या, विहीर खोदून पाणी काढलं आणि त्याच्यावर पुष्पाचं लग्न जामनेरला लावून दिलं. आता अभिमनच्या दोन्ही पोरांना तो मळा हवा होता, म्हणून अक्कालाच कोर्टात जावं लागलं होतं.

*

मंगळवारी दुपारी पंडित एरंडोलच्या स्टँडवर उतरला, तर अभिमनची बायको लताबाई समोरच उभी. बाजाराची पिशवी हातात होती, पण ती रिकामी होती. ती त्याचीच वाट पाहत होती, हे उघड होतं.

"भाऊजी, घर येशात का मळामा जाशात?"

"मळामा. अक्कानी बलायेल शे."

"मंग एक काम करा." लताबाई स्टँडच्या भिंतीच्या आडोशाला सरकली. "त्यास्ले सांगा, शपथ नका ल्या म्हनो."

पंडित हसला. "वहिनी, तुम्ही तर बोलशातच ना असं."

"माले जमीन पाहिजे. कसाले खोटं बोलू? मना पोरेस्ले पाहिजे ते माले पाहिजे." लताबाईने पदर सावरला. "पन मी ह्या घरमा आबा जित्ता व्हतात तवयपासून शे. चुल्हाजोडे बसेल बाईले ओट्यावरनं बठ्ठं आयकू येस. आबा तसं कधीच बोलनात नही. ते अक्कानं नावबी लेयेत नही."

पंडितचं हसू उतरलं.

"अक्का खोटी नही," ती पुढं म्हणाली. "त्यास्ना मनमा कोनीतरी ते घालेल शे. कोनी घालं, ते मी इचारत नही." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पन पुष्पाले सातवा महिना शे. अक्का तिना डोकावर हात ठेईसन शपथ लेनार शेत. कमीजास्त व्हयनं ते तुम्ही काय करशात, भाऊजी?"

अशा शपथेने काही होत नसतं, देव असा सूड घेत बसत नाही, हे पंडितला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. धुळ्याच्या व्याख्यानात त्याने ते कितीदा सांगितलं होतं. पण लताबाई पिशवी झटकून निघून गेली, आणि तो मात्र रिक्षा दिसत असूनही कितीतरी वेळ भिंतीपाशीच उभा राहिला.

*

अक्का आनंदात होती. हे त्याला सगळ्यात जड गेलं. पुष्पा माहेरी आलेली, बाजेवर पाय लांब करून बसलेली. दोरीवर अक्काचं हिरवं लुगडं धुऊन वाळत घातलेलं. उद्याच्या शपथेसाठी तिने सकाळपासून उपास धरला होता, आणि तरी ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लगबगीने फिरत होती.

"बठ, बठ. चहा ठेवस. पुष्पा, मामाले पानी दे. नको, तू नको उठू, मीच देस." पाणी देऊन ती समोर बसली. "आते परत एकदाव सांग. उद्या कमिशनरसमोर मना शबद चुकाले नको."

"काय सांगू, अक्का?"

"आबा काय बोलनात ते."

पंडितने घोट घेतला. अक्काला वाटलं तो दमलाय. "ऱ्हाऊ दे, मीच म्हनस. तू फक्त आयक," असं म्हणून तिने सुरुवात केली. संध्याकाळची वेळ होती. आबा ओट्यावर तंबाखू मळत होते. पंडितला त्यांनी जवळ बसवलं. म्हणाले, माझी ताईबाई खाली मान घालून आली, ती मला पाहवत नाही, म्हणून मी तोंड फिरवतो. तिला सांग, नाल्याकडचा मळा तिचा. आणि हे सांगताना आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुष्पाने डोळे पुसले. तिने हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं.

पंडित ऐकत होता. विहिरीवर तो बोलला होता ते एकच वाक्य. पण पुढच्या वर्षांत अक्का पुन्हा पुन्हा विचारायची, आबा कुठं बसले होते, कसे बोलले, आणि तिचं मन राहावं म्हणून तो दर खेपेला थोडं घालत गेला. ओटा त्याने घातला होता. तंबाखू त्याने घातली होती. डोळ्यांतलं पाणी तर पुष्पाच्या लग्नात, अक्का फार रडत होती तेव्हा घातलेलं.

"बराबर शे ना?" अक्काने विचारलं.

पुष्पा पोटावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"बराबर शे," पंडित म्हणाला.

एक वाट होती, आणि ती त्याला पाठ होती. गप्प बसायचं. अक्का स्वच्छ मनाने शपथ घेईल, तिच्या लेखी ती खरीच असेल. मळा तिचा होईल आणि मग खरंखोटं कुणी विचारणार नाही. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी सोय करून ठेवली होती. पाप असलंच तर ते त्याचं एकट्याचं. हे सगळं त्याला पटतही होतं. फक्त पुष्पाच्या डोक्यावर ठेवलेला हात काही केल्या नजरेसमोरून हलेना, आणि शपथेला भिणाऱ्या त्या भाबड्या लोकांमध्ये आपणही आहोत, हे उमगून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

*

बुधवारी सकाळी दोन जिपा जंगलातल्या रस्त्याने पद्मालयला पोचल्या. एकीत अभिमन, लताबाई आणि दोन्ही पोरं. दुसरीत अक्का, पुष्पा, पंडित आणि पुढच्या सीटवर कोर्टाचे कमिशनर, एक तरुण वकील, मांडीवर कागदांची फाईल. अभिमन उतरला तो कुणाकडेही न बघता. हिवाळ्यातही त्याला घाम आला होता.

कमिशनर गाभाऱ्यात डोकावून परत आले आणि अडचणीत पडले. आदेशात 'श्री गणपतीच्या मूर्तीसमोर' एवढंच होतं, आणि पद्मालयला मूर्ती दोन. एकीची सोंड उजवी, एकीची डावी. कोणत्या मूर्तीसमोर, ते कुणीच ठरवलं नव्हतं. अभिमनची पोरं म्हणाली, उजव्या सोंडेचा कडक असतो, त्याच्यासमोर घ्या. पुजारी म्हणाला, दोन्ही देव एकच. वाद वाढायला लागला.

"मी दोन्हीस्ना समोर लेसू," अक्का शांतपणे म्हणाली. "दोनदाव लेसू. माले कसानं भ्याव?" आणि पाय धुवायला तळ्याकडे निघाली.

पंडित तिच्यामागे गेला. तळ्यात कमळाची पानं पसरलेली होती. अक्काने लुगडं जरा वर खोचून, काठच्या दगडावर बसून पाय पाण्यात घातले.

"अक्का."

"काय रे?"

"आबा माले काहीच बोलेल नही व्हतात."

ती पाय चोळत होती, ती थांबली. तिला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून त्याने पुन्हा सांगितलं. मग तो भडाभडा बोलत सुटला. ती विहिरीपाशी उभी राहायची, तो घाबरला, आबांना विचारणारच होता, जमलं नाही, पुढं सांगता आलं नाही. आणि आता पुष्पाच्या डोक्यावर हात ठेवून खोटं नको. अक्का पाण्याकडे बघत ऐकत राहिली.

"ओट्यावर बसेल व्हतात, तंबाखू..."

"ते मीच सांगं, अक्का. मनातलं."

"आनि डोयामा पानी?"

"तेबी मीच."

अक्काने पाय पाण्यातून काढले. पदराने पुसले, एकेक बोट. मग उठून ती देवळाकडे चालू लागली. पंडितला वाटलं ती पडेल, म्हणून त्याने हात पुढं केला. तिने तो घेतला नाही.

गाभाऱ्यासमोर सगळे गोळा झाले. कमिशनरने शपथेचा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाले, "बाई, मुलीच्या डोक्यावर हात ठेवा आणि माझ्यामागे म्हणा." पुष्पा पुढं येऊन उभी राहिली. अक्काने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, केस सारखे केले आणि हात खाली घेतला.

"माले शपथ लेवानी नही."

कुणाला काही कळेना. अभिमनचा मोठा पोरगा हसला, तेवढंच. कमिशनर म्हणाले, "बाई, नीट समजून घ्या. नकार दिला तर दावा तुम्हाला काढावा लागेल. मळा जाईल."

"समजनं माले."

"अक्का!" अभिमन एकदम पुढं आला. "म्हन ना! एक शबद म्हनाना शे! बठ्ठा आयकी ऱ्हायनात, म्हनी टाक आनि मोकळी व्हय!"

लताबाई नवऱ्याकडे बघतच राहिली. पोरंही. प्रतिवादी वादीला शपथ घ्यायला विनवतोय, असा प्रकार कमिशनरने उभ्या वकिलीत पाहिला नसेल. त्यांनी विचारलं, "काय लिहू मग? 'शपथेस नकार' लिहू?"

"ल्ह्या," अक्का म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

*

पोरं खुशीत नारळ फोडायला गेली. पुष्पा रडत जिपेकडे निघाली आणि अक्का तिला धरून होती. अभिमन तळ्याच्या काठाला, बहीण मघाशी बसली होती त्याच दगडावर जाऊन बसला. पंडित जवळ गेला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही.

"तू सांगं का तिले?"

"हा."

"माले वाटनंच." अभिमनने तोंडावरून हात फिरवला. "काबरं सांगं?"

"खोटी शपथ व्हती, भाऊ. आबा तसं बोलेल नही व्हतात. तुले काय माहीत, मीच..."

"माले बठ्ठं माहीत शे. सतरा वरिस माहीत शे. आबा तुनाशी असं बोलतीन, आनि माले सांगाव नहीत?" अभिमन खालच्या आवाजात बोलत होता, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "म्हनीसनच मी शपथ मांडी रे. वकील नको म्हने, लता नको म्हने, पोरे ते अंगवर उनात. तरी मांडी. तिनं शपथ लेवाले पाहिजे व्हती, आनि मी हारी जावाले पाहिजे व्हतं. मी आपला हातथून मळा दिधा आस्ता, ते पोरेस्नी माले घरमा जगू दिधं नसतं. देवनी दिधा म्हंतं, ते कोन बोलतं?"

शपथ मांडणारा हरायलाच आलेला असू शकतो, हे पंडितला दिसलंच नव्हतं. शपथ म्हणजे एक प्रकारची तडजोडच, हे वाक्य त्याच्या वहीत लाल शाईने अधोरेखित केलेलं होतं.

"आनि खोटी कसानी?" अभिमन म्हणाला. "आठ महिना अक्का त्या मळामा राबनी. आबा रोज सकाय बांधवरथून जायेत. उभा ऱ्हायेत, पाहेत, पुढे जायेत. एक दिन तरी बोलनात का, निंघ आठून? मालेबी त्यास्ले इचाऱ्याबिगर त्या वावरमा पाय ठेवाले परवानगी नव्हती. सख्खा चुलतभाऊले त्यास्नी काठी लिसन हाकलं व्हतं. तिले हाकलं का? मी पाहेल शे, पंडित. एक दिन तिनी कुदळ बांधवर ऱ्हाई गयी, ते आबानी सोता उचलीसन खोपीमा ठेवी. तोंडथून बोलता उनं नही त्या मानूसले. तेच देनं व्हतं."

पंडितने विचारलं, "हे तू कोर्टमा काबरं नही सांगं?"

"कोन इचारं माले? तू इचारं?" अभिमन उठला आणि धोतर झटकलं. "तुले रोमना लोके बठ्ठा माहीत शेत. आपला बाप तेवढा माहीत नही."

पंडित धावत सुटला. नारळ फोडणाऱ्या पोरांमधून, पुजाऱ्याला धक्का देऊन, चप्पल एक पायात नि एक हातात. जीप सुरू झालेली होती. अक्का मागच्या बाकावर पुष्पाला खांद्याशी धरून बसली होती. त्याने कठडा पकडला.

"अक्का, आयक. आबा तुले रोज पाहाले येयेत. मळाना बांधवर. तुनी कुदळ एक दिन त्यास्नी सोता उचलीसन ठेवी. त्यास्ना मनमा व्हतं अक्का, मळा तुनाच..."

"तू पाहं?"

"नही. अभिमननी पाहं. आतेच सांगं माले."

"आनि तू माले सांगी ऱ्हायना."

अक्का रागावलेली नव्हती. विहिरीवरून त्याने हाताला धरून आणलं होतं तेव्हा होता तसाच तिचा चेहरा होता, रिकामा. तिने त्याची कठड्यावरची बोटं हलकेच सोडवली.

"आबानं काही आते माले आनू नको, पंडित," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली.